आमच्या नटाने ब्लॉग लिहावा म्हणून

गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती. भंडाऱ्यात मी आणि माझे यजमान झेरॉक्स, टायपिंग आणि इंटरनेटचं छोटं दुकान चालवायचो. माझा धाकटा भाऊ तेव्हा पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला लागला होता. तिथे त्याला बाकी सगळं मिळालं, फक्त आपल्याकडचं नाटक मिळेना.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतंच. त्या नाटकांतून विनोदी कामं करणारा लाखांदूरकडचा एक नट आम्हा दोघांचा फार लाडका. तो नुसता मंचावर येऊन उभा राहिला तरी माणसं हसायला लागायची. त्याने आता स्वतःचा ब्लॉग सुरू करावा, असं माझ्या भावाच्या डोक्यात आलं. मोठमोठे सिनेमावाले तेव्हा रोज लिहायचे आणि हा ते वाचायचा. ते आपले कोण लागतात, आपल्या माणसाने लिहायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पुण्यात आमच्या भागातली आणखी काही मुलं होती, त्यांचाही तोच हट्ट. दर रविवारी फोन यायचा. तू तिथेच आहेस, तुझं इंटरनेटचं दुकान आहे, मग तू त्याला लिहायला लाव. जणू काही तो नट माझ्याच दुकानात मुक्कामाला होता.

शेवटी कटकट थांबावी म्हणून मी लाखांदूरची एसटी धरली. नट अंगणात धान वाळत घालत होता. मंचावर इतकं बोलणारा माणूस घरी जवळजवळ मुका. बोलली ती त्याची बायको. तिने मला आधी जेवायला बसवलं, मग काय काम काढलं ते विचारलं. मी ब्लॉग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तुम्ही कागदावर लिहून पाठवा नाही तर फोनवर सांगा, टाइप मी करीन, असंही म्हटलं. नट सगळं ऐकून ‘लिहीन ना’ म्हणाला आणि धान पसरायला गेला.

त्यानंतर मी फोन केला की एकच उत्तर मिळायचं, ‘लिहून राहिलो.’ पेरणीत लिहून राहिला होता, धानाची रोपं लावायच्या रोवण्यात लिहून राहिला होता, नाटकांच्या तालमी सुरू झाल्या तरी लिहूनच राहिला होता. तिकडून भाऊ विचारायचा, आलं का काही? मी दोघांच्या मध्ये. नाही लिहायचं तर नाही म्हणा, असं मी एकदा चिडून नटाला सांगितलंसुद्धा. नाही कसं म्हणू बाई, तुम्ही इतक्या दुरून आल्या, असं तो म्हणाला. या माणसावर धड रागावताही येत नव्हतं.

मग भावाचाच धीर सुटला. मला न विचारता त्याने नटाच्या नावाने ब्लॉग सुरू केला आणि स्वतःच लिहायला लागला. मला कळलं तोपर्यंत वाचणारे पुष्कळ झाले होते. बंद कर, असं मी बजावलं. लोक खूश आहेत, त्याचंही नाव होऊन राहिलं, तुझं काय जातं, असं म्हणून त्याने फोन ठेवला. चांगलं लिहायचा, ते मला नाकारता येत नव्हतं. पण त्याने एकदा नटाच्या तोंडी लिहिलं, माझी बायको इतकी कंजूष, की पाहुणा आला की साखरेचा डबा नुसता दाखवते आणि परत फळीवर ठेवते.

एकोडीच्या मंडईत नट मंचावर आला आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, ‘साखरेचा डबा दाखवा!’ सगळे हसले. त्याला काहीच कळेना. पुढच्या गावीही तेच. मग कोणीतरी त्याला ब्लॉगचं सांगितलं.

एका दुपारी तो भंडाऱ्याला माझ्या दुकानात आला. खांद्यावर पिशवी, चेहरा उतरलेला. काय लिहिलं ते दाखवा म्हणाला. मी शरमेने दाखवलं. त्याने सगळं सावकाश वाचलं. एक-दोन ठिकाणी त्याला हसूही आलं. मग साखरेच्या डब्यापाशी थांबला.

‘गावातल्या बाया तिले साखर मागून राहिल्या,’ तो म्हणाला. ‘माह्यासंग बोलून नाही राहिली ती. मी नाही लिहिलं म्हटलं, तर म्हणते, तुमचं नाव आहे न त्याच्यावर.’

भावाला तिथूनच फोन लावून मी जे बोलायचं ते बोलले आणि ब्लॉगचा पासवर्ड मागून घेतला. नट हाताने थांबवत म्हणाला, राहू द्या, आता मी सांगतो ते टाइप करा. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांना बाजूला बसवून मी टाइप करायला बसले. तो थांबत थांबत सांगत होता:

‘साखरेच्या डब्याची गोष्ट खोटी आहे. मी नाटकात लागलो तेव्हा घरी काहीच नव्हतं. माह्या बायकोनं लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणं केलं आणि मले नाटकात जाऊ दिलं. संगतचे नट केव्हाही घरी आले, तिनं चूल पेटवली. मले पाहून सारे लोक हसते. ती नाही हसली कधी, कारण तिले नाटक पाहाले वेळच नाही भेटला.’

मी ते तसंच ब्लॉगवर टाकलं, एक प्रिंट काढून त्याला दिली, आणि तो एसटी स्टँडकडे गेला.

इतके महिने ज्यासाठी सगळे माझ्या मागे लागले होते, ते अखेर झालं होतं. संध्याकाळी मी उत्साहाने वाचकांच्या प्रतिक्रिया उघडल्या. हा आमचा नट नाही, असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याला यात विनोदच सापडला नव्हता. हे कोणीतरी भलत्यानेच लिहिलंय, खऱ्याला परत आणा, अशी तिसऱ्याची मागणी. आणि भाऊ फोनवर म्हणाला, ‘ताई, भाषा थोडी सुधारून टाकायची होती.’

मी त्याला ब्लॉग बंद करायला लावला. त्यावरूनही पुण्यातल्या मुलांनी मलाच बोल लावले.

पुढच्या दिवाळीला भाऊ घरी आला, तेव्हा मी त्याला हाताला धरून लाखांदूरला नेलं. नट बाहेर गेला होता, त्याची बायको, म्हणजे वहिनी, घरी होत्या. भावाने मान खाली घालून माफी मागितली. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं.

‘साखरेचं तूच लिहिलं काय?’

तो हो म्हणाला.

‘लिहितो बरा,’ वहिनी म्हणाल्या. ‘पण आता लग्न कर, अन् आपल्या बायकोवर लिही. मंग पाहू किती दिवस जेवाले भेटते ते.’

आणि त्यांनी आम्हा दोघांची पानं मांडली.

परतीच्या एसटीत भावाने पवनी येईपर्यंत ब्लॉगचा विषय काढला नाही. मला वाटलं, बरं झालं, पोरगं शहाणं झालं. मग तो माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘ताई, खरं सांगू? ब्लॉग वहिनींनी लिहाले पाहिजे. तू एकदा बोलून पाहा न त्यांच्याशी.’

मी खिडकीकडे तोंड फिरवलं ते भंडारा येईपर्यंत.