मथुराआत्याने वारा वाटला

आमच्या मांडवी बंदरात तेव्हा मांत्रिकांची बारा घरं होती आणि पोथ्या अवघ्या तीन. त्यातली वाऱ्याची, म्हणजे वारा आणायच्या मंत्राची पोथी रावजीकडे. म्हणून लग्नात पहिला मान रावजीचा, मासळीतला पहिला वाटा रावजीचा. ज्या घरात पोथी नाही त्या घराला ‘कोरं’ म्हणत. माझी मथुराआत्या अशा कोऱ्या घरातली. पोथी हातात नसेल तर मंत्र लागत नाही आणि नक्कल केली तर मंत्रच मरतो, असं सगळे मानत. हे मुळात कोणी सांगितलं, तर पोथीवाल्यांनीच! पण तसं विचारायची कोणाची छाती?

पावसाळा सरला की पोथ्या अंगणात उन्हाला काढत. बुरशी धरू नये म्हणून पान न् पान उलटायचं, कावळे हाकायचे. हे काम कोऱ्या घरच्या बाईचं. आत्याने ते नऊ वर्षं केलं. बाईमाणूस पानं उलटेल, वाचणार थोडीच, अशी रावजीची खात्री. पोथीतली मोडी लिपी तिला वडिलांनी शिकवली होती, हे त्याच्या गावीही नव्हतं.

एकतीस सालच्या मार्गशीर्षात, भर दुपारी, आत्याचे यजमान आत्माराम यांचा मचवा किल्ल्याखाली अडकला. वारा ठार पडलेला, शीड लोंबतंय आणि पाण्याची ओढ मचव्याला खडकाकडे नेतेय. वर पाच माणसं. आणि रावजी? तो पोथी घेऊन आंजर्ल्याला लग्नात मिरवायला गेलेला! बाकीचे मांत्रिक किनाऱ्यावर हात चोळत उभे. आत्या गुडघाभर पाण्यात शिरली आणि आयुष्यात पहिल्यांदा मंत्र मोठ्याने म्हणाली. तिसऱ्या ओळीला तिचा पदर उडाला, मग शीड फुगलं, आणि मचवा खडक सोडून बंदराकडे वळला.

चौथ्या दिवशी रावजी परतला. त्याने गाव जमवला.

“मथुरे, चोरी केलीस तू! मंत्र मेला आता!”

“नऊ वर्षं पानं उलटतंय मी, रावजीभाऊ. पोथी तुमची, पण डोळे माजे हत.”

“परत म्हणणार नाय अशी शपथ घे. नायतर वाळीत टाकू.”

आत्मारामकाका गप्प माणूस. ते उठून तिच्याशेजारी उभे राहिले. “म्हण गो तू,” एवढंच बोलले.

आत्याने भर सभेत मंत्र म्हटला. एकेक ओळ थांबून, समोरच्या बायकांकडून वदवून घेत. रावजी ओरडत होता, पण बायका थांबल्या नाहीत. शेवटच्या ओळीला त्याची टोपी उडून माडाच्या आळ्यात पडली. आधी पोरं हसली, मग अख्खा गाव. मंत्र चांगला ठणठणीत होता. या बाईचा मला फार अभिमान वाटतो.

पुढच्या वर्षी पानं उलटायला रावजीकडे कोणी गेलं नाही. तो स्वतःच उन्हात बसून कावळे हाकत होता. वाटेने जाताना आत्या कुंपणाशी थांबली.

“ऊन लागत असंल तर सांगा हां, रावजीभाऊ. वारा आणतंय.”

रावजी दोन्ही हातांनी पोथी दाबून धरून बसला.