बाबांनी बाद केलेली जोडी

रविवारी संध्याकाळी फॉर्म्युला गाड्यांची शर्यत लागली की बाबा टीव्हीच्या डाव्या कडेला जुन्या पेपरची पट्टी चिकटवत. कोणता चालक कितव्या क्रमांकावर आहे, ती नावं तिथे येतात. ती त्यांना नको असत. आवाजही ते बंद ठेवत. माझी बायको चहा घेऊन आली की हमखास टोमणा मारी.

"मामाजी, टीव्हीले घुंगट काहून घातला?"

"नाव दिसलं का डोळा बिघडते, सूनबाई."

अमरावतीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांची शेवटची दोन वर्षं अशी गेली. ते निवृत्त शिक्षक. गाव अकोल्याकडचं. मोटार त्यांनी आयुष्यात कधी चालवली नाही. या शर्यतीत त्यांचं लक्ष वेगाकडे नसायचं, ते एकाच गोष्टीवर असायचं. वळण आलं की मागची गाडी आतल्या बाजूने उशिरा ब्रेक लावून घुसते आणि बाहेरच्या गाडीला रस्त्याबाहेर ढकलते. बाहेरच्याने वेग कमी केला तर वाचला, नाही केला तर दोघंही रेतीत. अशा वेळी बाबा पुढे वाकत, स्वतःशी निकाल देत आणि मग पंचांच्या निकालाची वाट पाहत. एखाद्याला पाच सेकंदांचा दंड व्हायचा. पुढच्या रविवारी तसंच दुसऱ्याने केलं, तर पंच म्हणायचे, शर्यतीत असं होतच असतं.

"कालचा सावत्र अन् आजचा पोटचा का बे?" बाबा टीव्हीला विचारत.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. मला या खेळातलं फारसं कळत नाही. पुस्तक घेऊन मी बाजूला बसायचो. गाड्यांचा खेळ बघता बघता बाबा आपल्या गावच्या पटाकडेच, बैलजोड्यांच्या शर्यतीकडेच, पाहत आहेत, हे मला उशिरा कळलं.

आमच्या गावच्या शंकरपटात बाबा फार वर्षं शेवटच्या रेघेवर पंच होते. आमच्याकडे दोन जोड्या शेजारी शेजारी पळतात, मधे लांबवर चुन्याची रेघ असते. धुरकऱ्याने, म्हणजे हाकणाऱ्याने, मुद्दाम दुसऱ्या जोडीच्या अंगावर आपला दोन चाकांचा छकडा घातला, तर तो बाद. बैल बिचकून चाक रेघेपार गेलं, तर माफ. कोणतं काय, हे पंचाने ठरवायचं. बाबा खुर्ची उलटी लावून, जोड्या सुटतात त्या टोकाकडे पाठ करून बसत. कोणाची जोडी येते आहे ते आपल्याला आधी कळू नये, म्हणून. जोड्या पाठीमागून येऊन एकदम डोळ्यांसमोर यायच्या आणि तेवढ्यात जे दिसेल त्यावर ते निकाल देत. सगळा तालुका त्यांच्या उलट्या खुर्चीला मानत असे.

बैलांच्या शर्यतींवरची मधली सरकारी बंदी उठल्यावर पट पुन्हा सुरू झाला तेव्हा मंडळी बाबांना न्यायला घरी आली. त्याच वर्षी त्यांनी काकाची जोडी बाद केली. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. गावी शेती करतो, आणि बंदीच्या सगळ्या वर्षांत त्याने ते बैल पळवायचेच म्हणून पोसले होते. निकाल लाउडस्पीकरवरून झाला. काकाने बैल सोडले आणि तो शेतात निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही, आणि आम्ही गावी गेलो की तो अकोल्याला कामाला गेलेला असायचा.

बाबांची तब्येत खालावली, किडन्या जवळजवळ थांबल्या, तेव्हा मी काकाला फोन केला. तो बसने आला. पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. त्या त्याने माझ्या बायकोच्या हातात दिल्या आणि बाबांच्या पलंगासमोर खुर्ची ओढून बसला. शर्यत चालू होती. बाबांनी ती मला बंद करायला सांगितली.

"तुले एक सांगाचं होतं," बाबा म्हणाले. "त्या सकाळी एक जोडी रेघेपार आली होती. मी म्हणलं, बैल बिचकला, जाऊ द्या. दुपारी तुही जोडी आली. चाक तेवढंच गेलं होतं. तुले बाद केलं."

"मले मालूम हाये."

"तुही जोडी हाये हे मले समजलं होतं."

काका हसला. ते हसणं चांगलं नव्हतं.

"समजीन नाई तं काय दादा? माह्या बैलाच्या गळ्यात आपल्या बाच्या हातची घुंगरं होती. पटात बाकीचे काढून ठेवतात, मी नाई काढत. तू पाठ करून बसला म्हणून का कान बंद होते तुहे?"

मी खिडकीशी उभा होतो. वर्गात बाबा मला शिकवत तेव्हा माझा पेपर ते सगळ्यांत शेवटी तपासत आणि एकेक मार्क कापत, ते मला आठवलं. त्यात प्रेम होतं की भीती, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"लोक म्हणतीन, भावाले सोडलं," बाबा म्हणाले. "त्याचं भेव वाटलं मले."

"म्हंजे मी दुसऱ्याचा भाऊ असतो तं जितलो असतो."

"हो."

काकाने खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग म्हणाला, "हे इथं खोलीत सांगून काय फायदा? बाद केलं ते भोंग्यावर. साऱ्या गावानं ऐकलं. हेही भोंग्यावर सांग."

"सांगतो," बाबा म्हणाले. "औंदाच्या पटात सांगतो."

पट महिन्यावर आला होता. बाबांना उठून बसवायलाही दोघं लागत, हे काकाला दिसत होतं. तरी तो "बरं" म्हणाला आणि बसस्टँडवर निघाला. मी त्याला ऑटोपर्यंत सोडायला गेलो. ऑटोत बसताना तो म्हणाला, "मले बक्षीस नोको, बाबू. इतकं तुह्या बापाले कळत असीन."

पट भरायच्या आत बाबा गेले. त्यांचा अंत्यविधी गावीच करायचा, असं काकानेच ठरवलं. खांदा दिला, सगळं केलं, पण त्या दिवसांत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तेरवीला मंडळी बाबांच्या उलट्या खुर्चीचं कौतुक सांगत होती. त्यांच्यासारखा पंच होणे नाही, असं जो तो म्हणत होता. काका ऐकत होता आणि पत्रावळीवर वाढत होता. मला ते कौतुक ऐकवेना. बाबांनी भोंग्यावर सांगायची कबूल केलेली गोष्ट आता माझ्यावर आली होती, आणि ती सांगितली तर हेच कौतुक मला सगळ्यांसमोर मोडावं लागणार होतं.

मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही. ग्रंथालयातही मी हळूच बोलतो. पटाच्या दिवशी मी अकोल्याहून ऑटोने गावी गेलो. शेतात ट्रॅक्टर, मोटारसायकली, चहाच्या टपऱ्या. भोंग्यावर बोलणाऱ्या माणसाला मी सांगितलं की वडिलांचा एक निरोप आहे. त्याला वाटलं, श्रद्धांजली असेल. त्याने सगळ्यांना शांत केलं आणि माइक माझ्या हातात दिला.

बाबांनी त्या दिवशी खोलीत कबूल केलेलं सगळं मी सांगितलं. सकाळची जोडी सोडली. दुपारची धरली. दोन्ही जोड्यांची चाकं रेघेपार सारखीच गेली होती. दुपारची जोडी आपल्या भावाची आहे हे घुंगरांवरून कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच ती बाद केली. हा निकाल सारखा झाला नाही. एवढं बोलून मी थांबलो. माझा आवाज शेताच्या पलीकडच्या कडेला आदळून थोडा उशिरा परत येत होता, त्यामुळे शेवटचं वाक्य मला दोनदा ऐकावं लागलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हातारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मागून एकजण ओरडला, "आता मंग बक्षीस कोनाचं? त्या सकाळवाल्याच्या घरून वापस आनता का?" थोडे लोक हसले. दुसरा म्हणाला, "मास्तर गेल्यावर कायले उकरून राहिले बे?" मला वाटलं, मी बाबांना तिथे सगळ्यांसमोर उभं करून एकटं सोडलं आहे.

काका बैलांपाशी होता. त्या वर्षी त्याने जोडी उतरवली नव्हती, नुसती आणून बांधली होती. तो लोकांतून वाट काढत आला. माइक त्याने घेतला नाही. तिथूनच, खड्या आवाजात, तो बोलला.

"अबे, हसता काहून? मले बाद केलं ते बरोबर केलं. माहा बैल बिचकला नव्हता. मीच दाबला होता त्याच्या अंगावर. मले मालूम हाये अन् दादालेही मालूम होतं." मग त्याने गर्दीकडे हात केला. "सकाळवाल्यानंही दाबला होता. त्यालेही बाद कराचं होतं. माहं एवढंच म्हननं होतं, दुसरं काई नाई."

सकाळवाला त्या गर्दीत होता की नाही, मला माहीत नाही.

काका माझ्याजवळ आला. त्याच्या हाताला बैलांचा वास येत होता. "जेवला का?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. "चाल मंग घरी. सांजची बस हाये तुही." भोंग्यावर पुढच्या दोन जोड्यांची नावं पुकारली गेली. आम्ही पटाकडे पाठ करून घराकडे निघालो. मागे लोक एकदम ओरडले, तेव्हा कोण जिंकलं ते पाहायला दोघांपैकी कोणीच वळलं नाही.