चालत्या ट्रकचे टायर कोणी ठोकले?

आधीच सांगतो — भूत, भानामती, अंगात येणं, असल्या गोष्टी माझ्यासमोर काढायच्या नाहीत. आमचं बौद्ध घर, त्यात मी तोंडाळ. शेजारच्या लग्नात एका बाईच्या अंगात आलं, तर भर मांडवात मी तिला "पाणी पी अन् बस" म्हणालो होतो! तरी हे लिहितोय, कारण हे माझ्याच कानांनी ऐकलंय.

गोष्ट २००४ची. आमच्या धानाच्या पट्ट्यातल्या गोरेगावच्या एका राईस मिलमध्ये मी आठ वर्षं पोती उचलली. पाठ पार कामातून गेली होती. मालक म्हणाले, ट्रक शीक. गोरेगाव ते राजनांदगाव, तांदळाची ठरलेली लाईन, दहा खेपा आपल्या जुन्या ड्रायव्हरसोबत, मोतीराम उस्तादांसोबत मार. ते 'हो' म्हणाले तर ड्रायव्हर, नाहीतर परत पोती. माझ्याआधी दोघांना उस्तादांनी घरी पाठवलं होतं.

उस्तादांचा एकच हट्ट — निघण्याआधी लाकडी दांडक्याने सहाही टायर ठोकायचे. डावीकडच्या पुढच्या टायरपासून गाडीला फेरा घालत. क्रम चुकला की शिवी! हवा भरलेला टायर ठण्ण वाजतो, हवा गेलेला भद्द.

दहावी खेप. सकाळी टायर ठोकले, सगळे ठण्ण. बायकोला सांगून निघालो होतो, आज ड्रायव्हर होऊनच येतो. कोहमाऱ्याहून हायवेला लागलो, भर दुपार, देवरीच्या अलीकडचं जंगल... पुढे लांब उतार. उस्तादांनी बजावलं, "फुकट कुठं थांबलास तं उद्या पोते उचलाले जाजो."

उताराच्या जरा आधी मला ऐकू आलं. ठण्ण... ठण्ण... इंजिनच्या आवाजातही स्वच्छ. गाडी चाळीसच्या स्पीडवर, आणि कोणीतरी सावकाश, उस्तादांच्याच क्रमाने टायर ठोकतंय! चौथा ठण्ण. पाचवा — भद्द. सहावा ठण्ण. आणि दांडकं तर माझ्या सीटमागे पडलेलं.

घाम फुटला हो मला. थांबलो तर ड्रायव्हरी जाते, नाही थांबलो तर... शेवटी गाडी कडेला घेतलीच.

"काऊन थांबवलास बे? झपकी आली का?"

"पाचवा टायर गेला, उस्ताद."

"सपन पडलं का तुले? मी इथंच बसून राहिलो ना, मले काई आयकू नाई आलं!"

पण उतरले. पाचवा म्हणजे माझ्या बाजूचा, मागचा, आतला. बाहेरच्या टायरआड तो नीट दिसतही नाही. उस्तादांनी दांडकं मारलं... भद्द! हात लावला तर चटका बसला, कड फाटत आलेली. वर तांदळाचा पूर्ण लोड आणि समोर तो उतार. उस्ताद तिथंच खाली बसले.

टायर बदलून देवरी गाठली. एसटीडी बूथवरून उस्तादांनी मालकांना फोन लावला आणि मला ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्याने बोलले, "शेठ, गाडी याच्या हातात देऊन टाका. बेस ड्रायव्हर आहे." बापरे, मी तर रस्त्यावरच नाचलो! नऊ खेपांत ज्यांनी कधी डोळा मिटला नव्हता, ते उस्ताद तिथून राजनांदगावपर्यंत घोरत आले.

लोक म्हणतात, फाटक्या टायरचाच आवाज असेल. असेल बाबा, एक भद्द मी मान्य करतो. पण बाकीच्या पाच धडधाकट टायरांवर कोण ठोकत होतं? बारा वर्षं डोकं खाजवतोय, उत्तर सापडलेलं नाही. लाईन मात्र अजून मीच चालवतो, आणि त्या दिवसापासून पाठीवर एकही पोतं घेतलेलं नाही.