भरल्या हातांच्या मामी

कासारीण मामी बांगडी भरताना कधी हाताकडे बघत नसत. तुमचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरायच्या, अंगठ्याखालचं हाड दाबत राहायच्या आणि विचारायच्या, "आईचा गुडघा काय म्हनतोय गं?" तुम्ही सांगायला तोंड उघडलं, की हात सैल पडायचा आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर. "बाईला बोलू द्यावं, हात आपसूक मऊ हुतोय," असं त्यांचं म्हणणं. सास्तूरच्या भूकंपानंतरच्या वसाहतीत कुणाच्या घरात काय दुखतंय, हे त्यांना ठाऊक नाही असं नव्हतं. दहावीच्या गणितात मी आपटले, तेही घरी सांगण्याआधी त्यांनाच सांगून बसले होते.

मामा गेले तेव्हा भावकीतल्या बायका मामींच्या बांगड्या फोडायला जमल्या. मामी जागच्या उठल्याच नाहीत. "ज्या हातानं गावाला भरल्या, त्योच मोकळा केला तर उद्या माझ्याम्होरं कोन बसंल?" एवढंच म्हणाल्या. वर्षभर लग्नघरांनी चुडा भरायला दुसरा कासार बोलावला. मामी बांगड्यांची पेटी घेऊन रोज फिरत राहिल्या. शेवटी गावच कंटाळलं आणि पुन्हा त्यांनाच बोलावू लागलं. पुढे त्यांनी एक रीतच पाडली. आसपास कुणाचा नवरा गेला, की तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, बोलावणं नसताना, पेटी घेऊन त्या बाईसमोर जाऊन बसायचं. कुणी भरून घ्यायची, कुणी नाही. नाही म्हटलं तर मामी चहा घेऊन उठायच्या.

अशा बाईवर सिनेमा करायचा नाही तर कुणावर करायचा? बायकांनी आपला मान परत मिळवला, अशा पाच लघुपटांचा एक संच निघत होता. पुण्यात सिनेमा शिकून आलेल्या मला त्यातला एक मिळाला. मामींचं अडीच तासांचं चित्रण झालं. ते बघून आमचा संकलक म्हणाला, "बाई झकास आहे, पण हिचं काही गेलेलंच दिसत नाही. मग परत काय मिळवलं?" मला ते पटलं. ते मला पटलं, याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी मामींना म्हटलं, "सुरुवातीला तुम्ही बांगड्या फोडताय असं दाखवायचंय."

"पर म्या फोडल्याच न्हाईत की गं."

"सिनेमात तसं करावं लागतं मामी. नुसतं दाखवायला."

मामींनी विचारलं, "तुजं काम अडतंय का?"

मी हो म्हणाले. मामी पाट्यापाशी बसल्या आणि त्यांनी दोन्ही मनगटं दगडावर आपटली. कॅमेरावाला म्हणाला, फोकस सुटला, पुन्हा घ्यावं लागेल. आणि मी, त्यांच्या मांडीवर लहानाची मोठी झालेली मी, म्हणाले, "मामी, अजून एकदा." त्यांनी पेटी उघडली, स्वतःच्या हातांत स्वतःच भरल्या आणि पुन्हा आपटल्या. काचा मात्र कुणाला उचलू दिल्या नाहीत. पदरात गोळा करून घेऊन गेल्या.

लघुपट गाजला. पोस्टरवर तोच क्षण होता. धाराशिवला मामींना शाल मिळाली, गावात शाळेच्या पटांगणात पडदा लागला आणि मग लघुपट घरोघरच्या मोबाइलवर गेला.

त्या हिवाळ्यात मी घरी आले असताना जवळच्या माकणीला एक तरुण पोरगी विधवा झाली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्याच स्कूटीवरून मामींना घेऊन गेले. पोरगी आतल्या दारात उभी होती. मामींनी पेटी उघडली तसा तिचा हात चौकटीच्या बाहेर आला. तेवढ्यात सासूनं मोबाइल पुढं केला. "तुमी सोता फोडल्याव, समद्या गावानं बघितलं. आन आमच्या सुनंला भराय आलाव व्हय?"

"ते खोटं होतं," मी म्हणाले. "मीच करायला लावलं त्यांना."

"सिनेमा खोटा आन तू लई खरी," सासू म्हणाली. पोरीचा हात आत गेला. त्या दिवशी आम्हाला कुणी चहाही विचारला नाही.

परतीच्या वाटेवर मी रडत माफी मागितली. मामी मागून म्हणाल्या, "गाडी नीट चालीव आदी." आणि गाव दिसू लागलं तेव्हा, "पुढल्या आयतवारी जळकोटात हाय एक घर. तू ये संगं. म्या भरते, तू सांग खोटं हुतं म्हून. आदी सांग, मंग म्या पेटी उघडते."

त्या रविवारी पुण्यात पाचही लघुपट दाखवणार होते आणि आम्हाला मंचावर बोलावलं होतं. "पुढच्या वेळी नक्की येते मामी," मी म्हणाले. त्या बरं म्हणाल्या. पेटी घेऊन एकट्याच एस.टी.नं गेल्या. जळकोटला काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. भाद्रपदात झोपेतच गेल्या.

दहाव्याला मी त्यांच्या घरी गेले. खुर्चीवर हार घातलेला फोटो ठेवला होता. माझंच पोस्टर कापून चौकटीत बसवलं होतं. पाटा, काचा आणि मामींची मोकळी मनगटं.

मामींची सून कौतुकानं म्हणाली, "ताई, तुमच्यामुळं झालं बघा. आईंचा एवढा मोठा फोटो दुसरा नव्हताच आमच्याकडं."

माझ्याकडे अडीच तासांच्या मामी होत्या, भरल्या हातांच्या. त्यातला एक फोटो कधी त्यांच्या घरी द्यावा, हे मला सुचलंच नव्हतं. मी हात जोडले आणि तिथंच, बायकांच्या रांगेत, खाली बसले.