दाजींचं खाकरणं

रेखाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसलो होतो. रेखा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची सून. "मामा, आबा उठनात..." एवढंच ती बोलली. आबा म्हणजे तिचे सासरे, माझे दाजी. दुपारचं जेवून घरातच बाजेवर जरा आडवे झाले होते, ते तसेच राहिले. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी तेलकट हातांनीच मोटारसायकल काढली आणि परभणीहून झरी गाठलं. फाटकाशी पोचलो तर आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. आणि तिथं माझ्या गळ्याकडून एक गोष्ट घडली, जी लिहिताना आजही माझे कान तापतात. त्या घरात शिरायचं तर आधी खाकरायचं, ही आमची जुनी सवय. मी खाकरलो. पण मला नकलांची खोड. आणि दाजींचं खाकरणं मी इतक्या लग्नांत करून दाखवलंय की माझं स्वतःचं असं खाकरणं उरलेलंच नाही. निघालं ते हुबेहूब दाजींचं. आधी एक बारीक, मग एक ठसठशीत. आतलं रडणं चट्‍दिशी थांबलं. दोन-तीन बायकांनी तर पदर सावरले. मग कुणीतरी दारातून मला पाहिलं आणि रडणं दुप्पट झालं. मेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून त्याचीच नक्कल करणारा मेहुणा मराठवाड्यात मी एकटाच असेन. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. जमीन काही दुभंगली नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेवढीच.

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं थोरला माणूस घरात शिरताना हाक मारत नाही, खाकरतो. आतल्या सुनेनं समजून घ्यायचं, पदर डोक्यावर घ्यायचा, चहाचं आधण ठेवायचं. दाजी या विद्येतले उस्ताद होते. एक खाकरणं म्हणजे आलो. दोन म्हणजे सोबत पाव्हणे आहेत. लांबवलेलं म्हणजे वाढ, भूक लागली. माझी बहीण गेली त्यानंतर वर्षभरात त्यांच्या पोराचं, सुनीलचं लग्न झालं आणि रेखा घरात आली. सासऱ्यानं सुनेशी तोंडानं बोलायचं नाही, या जुन्या वळणाचे दाजी. मधे बोलायला सासू नाही. सुनील बसवर कंडक्टर, आठवड्यातल्या कितीतरी रात्री मुक्कामी गाडीवर. त्यामुळं त्या दोघांत जे काय बोलणं होतं ते खाकरण्यातूनच. आणि गंमत अशी की ते फार छान चालायचं. मी एकदा रेखाला विचारलं, तुला हे सगळं कळतं कसं? ती म्हणाली, "कळतंय की मामा. आबा रागवून खाकरत न्हाईत कधी."

मग त्या गळ्यालाच काहीतरी झालं. दाजी म्हणायचे, घशात ज्वारीचं कुसळ अडकल्यागत वाटतंय. दिवसा खवखव, आणि आडवं झालं की कोरडा खोकला. हळद-गूळ झालं, अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाला, ओव्याची धुरी झाली. भर उन्हाळ्यात ते गळ्याला मफलर गुंडाळून बसायला लागले. मी म्हटलं, दाजी, काश्मीरला निघालात का? ते हसले, पण मफलर काही सोडला नाही. आणि एक दिवस त्यांनी वाकळ उचलली आणि शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे राखणीच्या खोपीत, झोपायला जायला लागले. जेवायला घरी, झोपायला आखाड्यावर.

गावात अशी गोष्ट दुपारपर्यंतसुद्धा झाकून राहत नाही. नळावर पहिलं मत असं पडलं की म्हाताऱ्याला टीबी झाला. दुसरं मत पहिल्याला पुरून उरलं: सासू न्हाई बघायला, सुनंनं म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं. ते फिरत फिरत ताडकळसला रेखाच्या माहेरी पोचलं. तिच्या आईनं फोनवर विचारलं, तू हे असलं कुठं शिकलीस? तेव्हा रेखानं मला फोन केला. तान्हं पोर कडेवर रडत होतं आणि ती विचारत होती, "मामा, माझं काय चुकलं ते आबांना विचाराल का? मला सांगनात ते. कुणाला तोंड दाखवू मी?"

मी गेलो. दाजी आखाड्यावर एकटेच बसले होते, मफलर बांधून. मी आडवळणं घेत बसत नाही, सरळ विचारलं की सुनेनं काही कमीजास्त केलं का. ते इतके दचकले की त्यांना उबळच आली. ती ओसरल्यावर जमिनीकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, ती उठते."

"कोण उठते?"

"रेखा. रात्री मी खोकलो की ती उठते. तिला वाटतं मी बोलवायलोय. पदर घेऊन दारात येऊन हुबी राहते, पाण्याचा तांब्या घेऊन. आत्ता कुठं पोरगं झोपवलेलं असतंय तिनं. मी पुन्हा खोकतो, ती पुन्हा उठते. कसं सांगू तिला की हे तुला न्हाई, हा निसता खोकला हाय?"

वाचकहो, मला हसू आलं. हसायची ती जागा नव्हती, तरी मी पोट धरून हसलो. आणि दाजी खाली मान घालून बसले होते, गुन्हेगारासारखे. सांगून टाका की तिला, असं मी म्हटलं तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना गावच्या बाजारात नाचायला सांगितलं. त्यांच्या मते हीच मोठी लाज होती. सासऱ्याच्या खोकल्यानं तरण्या पोरीची झोप मोडावी, आणि वर ते तिला तोंडानं सांगावं लागावं...

दुसऱ्या दिवशी मी त्यांना परभणीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा मफलर काढायला लावला. खाली गळ्याच्या पुढं चांगली लिंबाएवढी सूज होती. एवढे दिवस ती झाकण्यासाठीच मफलर होता. थायरॉईडची गाठ. ती श्वासनळी दाबत होती म्हणून सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, आडवं झाल्यावर जास्त; आणि उशिरा जेवून लगेच झोपल्यानं पित्त वर येऊन घसा आणखी खवखवायचा. तपासण्या झाल्या. गाठ साधी निघाली, पण थायरॉईडचं काम मंदावलं होतं. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून डोकं उंच ठेवायचं, रात्रीचं जेवण लवकर करायचं, गाठ वाढली तर ऑपरेशनचा विचार. बाहेर आल्यावर दाजी हळूच म्हणाले, "ह्यो बायकांचा रोग म्हणत्यात ना? गावात सांगू नका." मी शपथ घेतली. आज मोडतोय. दाजी, माफ करा, पण तुमच्यामागं अजून कितीजण मफलर बांधून बसले असतील.

मी त्यांना समजावून घरी झोपायला आणलं. विटा लावल्या. रेखाला एवढंच सांगितलं की आबांना घशाचा आजार आहे, तुझ्यावर राग नाही. तिनं मान हलवली, पण विश्वास काही बसला नाही. कारण ते तिला आबांनी सांगितलं नव्हतं. आणि मी सांगूनसुद्धा ती रात्री उठायचीच. मी न उठले आणि आबा खरंच बोलवत असले तर? नळावरची तोंडं चालूच होती. त्यात गोळी काही लागू पडेना. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, गोंधळले, डोस वाढवला. खोकला होता तिथंच. दाजी पुन्हा वाकळीकडं बघायला लागले.

म्हणून मी एक रात्र तिथं मुक्काम केला, आणि पहाटे ते नाटक डोळ्यांनी पाहिलं. दाजींनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले आणि सवयीनं खाकरले. लगेच आतून रेखा चहा घेऊन हजर, दुधाचा, कडक. दाजींनी मुकाट्यानं कप तोंडाला लावला. मी किंचाळायचाच राहिलो. गोळीनंतर निदान अर्धा तास चहा घ्यायचा नाही, नाहीतर गोळी लागू पडत नाही, हे डॉक्टरांनी माझ्यादेखत दोनदा बजावलं होतं. रेखा आत गेल्यावर मी कुजबुजलो, दाजी, हे काय? ते म्हणाले, "तिनं आणलाय तर नको कसं म्हणू? नको म्हणायला बोलावं लागतंय." अर्धा तास थांब, असं सांगणारं खाकरणं त्यांच्याजवळ नव्हतं. मी म्हटलं, मीच सांगतो तिला. त्यांनी माझा हात धरला. "नगं. माझी लाज हाय, मलाच काढू द्या."

मी आणखी एक रात्र राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं होतं, फाटकासमोर बायकांच्या घागरींची रांग लागली होती. दाजींनी गोळी घेतली. मफलर काढून बाजेवर टाकला. अंगणात मधोमध जाऊन उभे राहिले आणि खाकरले नाहीत.

"रेखा," ते म्हणाले. आवाज फाटका होता, पण नळापर्यंत पोचला. "चहा आत्ता नगं, माय. गोळी घेतलीय. अर्ध्या तासानं दे. आन् रात्री मी खोकलो म्हणून उठत जाऊ नको. तुझी झोपमोड होती म्हणून मी आखाड्यावर गेलतो. तुझं काई चुकलं न्हाई."

नळावर फक्त पाण्याचा आवाज. मग दाराआडून आलं, "बरं, आबा." बस्स एवढंच. रांगेतली जी म्हातारी सगळ्यात जास्त बोलायची, तिनं घागर न भरताच उचलली.

गोळी लागू पडायला आणखी काही आठवडे गेले. खोकला पुरता गेला नाही, पण रात्री शांत झाल्या. रेखाला गाढ झोप लागायला लागली. ती एकदा मला म्हणाली, आता आबा खोकले तर कूस बदलते फक्त. दाजी तिच्याशी दिवसातून दोन-चार वाक्यं बोलायला लागले. बहुतेक बाळाबद्दल, कधी वांग्याच्या भाजीबद्दल. नावं ठेवत नव्हते. मीठ जास्त असलं तरी.

दाजींचा चौदावा झाल्यावर मी त्या रात्री तिथंच राहिलो. पहाटे उठलो तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. पातेल्यात पाणी, साखर, पत्ती सगळं टाकून रेखा गॅससमोर बसली होती. गॅस पेटवलेला नव्हता. सुनील खाकी कपडे घालून, बॅग खांद्याला लावून दारात आला. मला चहाची तल्लफ आली होती. मी गप्प बसणाऱ्यातला नाही, पण बसलो. जरा वेळानं रेखाच्या लक्षात आलं आपण कशासाठी थांबलोय ते. तिची मान खाली गेली, आणि तिनं घाईघाईनं लायटर उचलला.

"राहू दे," सुनील म्हणाला. "होऊ दे अर्धा तास."

सहाची गाडी होती त्याची. त्यानं बॅग खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसला.