काकांच्या खोलीत जाणारी तार

आमच्या काकांनी नोकरीभर दुकानदारांची वजनं आणि काटे तपासले. दुकानदार गोड बोलला की वजनात खोट असणारच, हा त्यांचा सिद्धांत. निवृत्तीनंतर तो त्यांनी घरच्यांना लावला. आणलेली भाजी ते अजूनही घरी पुन्हा तोलून बघतात. मी शेजारच्याच दारात राहतो, त्यामुळे मला त्यांचा वैताग येतो आणि दोन दिवस दिसले नाहीत तर करमतही नाही.

त्यांची सून घरी बसून संगणकावरून मुलांना अकाउंट्स शिकवते. पण ऐन तासाला इंटरनेट दगा द्यायचं. अजून एकदा शिकवणं अर्धवट राहिलं तर दुसरी बाई बघू, असं क्लासवाल्यांनी तिला सांगून टाकलं होतं. बिचारीचं तोंड एवढंसं झालं होतं.

काकांनी तपास हाती घेतला. पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यावर. तो फुकटात आपलं नेट वापरतो म्हणून त्यांनी पासवर्ड बदलला, तोही असा की सूनच बाहेर राहिली. मग त्यांना वाटलं, महागडी लाइन गळ्यात मारायला कंपनीच मुद्दाम खोड्या करते. शेवटी लाइनमन आला तेव्हा मीही तिथं होतो, आणि काका टॉर्च घेऊन त्याच्या डोक्यावर उभे. हा काय बदलून नेतो ते बघायला.

लाइनमनने दाराजवळच्या मुख्य सॉकेटचं झाकण काढलं, घरात जाणाऱ्या तारा सोडवल्या आणि मोडेम थेट तिथंच जोडला. नेट सुरळीत चालू झालं. बाहेरून लाइन ठीक आहे, तो म्हणाला, बिघाड घरातल्याच तारांमध्ये आहे. एका लाइनवर फोन आणि नेट दोन्ही असलं की प्रत्येक फोनला छोटा फिल्टर लावावा लागतो, नाहीतर नेट अडखळतं. हॉलमधल्या फोनला तो होता.

"पण इथून अजून एक तार निघते. ती कुठं जाते?"

"जुनी असेल," काका म्हणाले. "हात लावू नका."

तोवर तो तारेमागे निघालाही होता. भिंतीच्या कडेने, कपाटामागून, काकांच्या खोलीत, पलंगाखाली. तिथं बुटांच्या खोक्यात एक फोन निघाला. श्वास ऐकू जाऊ नये म्हणून बोलायच्या बाजूला चिकटपट्टी लावलेली. सून रोज संध्याकाळी हॉलमधून तिच्या आईशी बोलायची, ते काका इथं पडून ऐकायचे. काखेत कळसा म्हणतात तो हा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सून शांत होती. "दादा, ती तार काढून टाका," तिनं लाइनमनला सांगितलं. मग काकांकडे वळून म्हणाली, "बाबा, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुम्ही उचललात की आवाज बारीक व्हायचा. आईलाही मी सांगून ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशी तिचा तास विनाअडथळा पार पडला आणि नोकरी वाचली. संध्याकाळी काका माझ्याकडे येऊन बसले. चहा दिला, तो तसाच निवला.

"ती रोज आईला सांगायची," ते म्हणाले, "सासरे तोंडाचे फटकळ आहेत, पण माझा जीव आहे त्यांच्यावर. ते ऐकूनच मला तिची माया लागली रे. आता ते खरं होतं, की मला ऐकवायला होतं?"

तिलाच विचारा, मी म्हणालो.

"विचारलं असतं. पण खरं होतं म्हणाली, तरी मी विश्वास ठेवणार आहे का?"