घुंगराची पावडी

माझ्या शुद्धलेखनाला आणि अक्षराला हसू नये. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यातही अर्धा वेळ घरी सूत गुंडाळण्यात गेला. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला अजून कळत नाही, आणि माझी ओळ डावीकडून निघाली की उजवीकडे पोहोचेपर्यंत खाली घसरते. हे कोणी वाचणार नाही, मी दाखवणारही नाही. पण कागदाची तरी माफी मागावी म्हणून मागते. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. आणि ते दिवस आठवले की कुठेतरी सांगून टाकल्याशिवाय राहवत नाही.

यांचा पाय पुण्याहून येणार होता, तो दिवस! आमच्या गल्लीत सगळे असंच म्हणत होते, 'पाय येणार', जसं काही हे वेगळे येणार होते आणि पाय वेगळा. सुरुंगावर पाय पडून यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता आणि लष्कराने लाकडी पाय बसवायला त्यांना पुण्याला बोलावून घेतलं होतं. सकाळपासून मी अंगण झाडत होते. झाडलेलंच पुन्हा झाडत होते.

टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबला. टांगेवाल्याने हात पुढे केला तो यांनी बाजूला सारला आणि काठी टेकत स्वतःच उतरले. दोन पायांवर! दोन्ही पायांत काळे चकचकीत बूट.

"पाहा वं, साहेब आला!" शेजारची काकू ओरडली. "गेला तवा अनवानी होता, आता बुटावाला झाला!"

सगळी गल्ली हसली. मी दाराआड उभी होते. हे उंबऱ्याशी आले आणि म्हणाले, "काहून लपून राहिली वं? पाय नवा हाये, मानूस जुनाच हाये."

आम्ही विणकर. प्रत्येकाच्या घरात हातमाग, आणि मागाखाली जमिनीत खड्डा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, दोन्ही पाय आत सोडतो आणि खालच्या दोन लाकडी पट्ट्या आळीपाळीने दाबतो. त्यांना पावड्या म्हणतात. डावी दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे, अर्धे धागे वर जातात, त्यांच्या मधून आडवा धागा नेणारा धोटा फेकायचा. मग उजवी दाबायची, पुन्हा धोटा. तेव्हा एका पायाचा विणकर म्हणजे एका चाकाची बंडी. हे घरी परतले तेव्हा लोकांनी तोंडावरच तसं म्हटलं होतं. यांनी ऐकून घेतलं होतं. बसून चिल्लर दुकान टाक, असंही सांगून पाहिलं. हे म्हणाले, "मी विणीन, नाहीतर काहीच करनार नाही." आणि हे काहीच न करणारे माणूस कसे होतात ते मी पाय येण्याआधीच्या त्या वर्षात पाहिलं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड.

त्यात हे एकाच गोष्टीने खुलायचे. झऱ्याची गोष्ट. ती किती वेळा ऐकली तरी मला पुन्हा ऐकावीशी वाटे.

मोठ्या लढाईच्या काळात सूत मिळेनासं झालं, माग बंद पडले, तेव्हा हे पलटणीत भरती झाले. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढायचं काम तिथे शिकले. यांच्या जोडीला एक पंजाबी मुसलमान होता, त्याला हे उस्ताद म्हणत. मग देशाची वाटणी झाली तशी पलटणीचीही झाली. तंबू, भांडी, माणसं, सगळं वाटलं गेलं. उस्ताद तिकडे गेला, हे इकडे राहिले, आणि पुढे काश्मीरच्या डोंगरात दोघं समोरासमोर आले.

लढाई थांबली तेव्हा एक झरा दोन्ही फौजांच्या मधोमध राहिला होता. जवळच्या वस्तीतल्या बाया तिथूनच पाणी भरायच्या आणि वाटेत दोन्हीकडच्यांचे सुरुंग. आधी एक गाय मेली, मग एक म्हातारी. तेव्हा दोन्हीकडच्या साहेबांनी मिळून ठरवलं की वाट दोघांनी साफ करायची. पांढरी निशाणं रोवली. आपली माणसं खालून निघाली, तिकडची वरून. आणि वरून कोण उतरावं? उस्ताद!

"मले म्हणे, पहले मेरे वाले निकालेंगे, मुझे याद है कहाँ सोए हैं," हे सांगायचे आणि यांचे डोळे चमकायचे. "ज्यानं पुरले तोच बोट दाखवून राहिला होता वं! मीबी त्याले माझे दाखवले. सळई घ्यायची, तिरपी खुपसायची, हळूच. डोळ्याले काही दिसत नाही. हातानं ऐकावं लागते."

बर्फ वितळताना एक सुरुंग आपल्या जागेवरून घसरून खाली आला होता. तो कोणाच्याच नकाशात नव्हता. त्याच्यावरच यांचा पाय पडला. तो कोणाचा होता, इकडचा की तिकडचा, असं कोणी विचारलं की हे चिडायचे. "लोखंडाले जात राहते का?" उस्तादने आपली पगडी फाडून यांचा पाय बांधला आणि दोन्हीकडच्या माणसांनी मिळून यांना डोंगराखाली आणलं. वाट तेव्हा अर्धीच झाली होती. ती पुढे झऱ्यापर्यंत पोहोचली की नाही, हे यांना कधी कळलं नाही. ते त्यांना पायापेक्षा जास्त सलायचं.

आता पाय आला, म्हणजे माग सुरू! पण मागावर चढवायला सूत कुठे होतं? गल्लीतल्या बायांची भिशी होती. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेले पैसे टाकायचे आणि पाळीने एकीने सगळे उचलायचे. त्या महिन्याची भिशी काकूने उचलली होती. तिला घरावर नवे कवेलू, म्हणजे कौलं, घालायचे होते, कारण पावसाळ्यात तिच्या घरात माणसांपेक्षा पातेल्यांनाच जास्त जागा लागे. काकू आली आणि पैशांची पुरचुंडी तिने माझ्या पदरात टाकली. मी नको म्हणायला तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही.

"मुकी हाये म्हणून देऊन राहिली तुले," काकू म्हणाली. "बोलकी असती तं भांडत बसली असती. पण ऐक, सूत वाया गेलं तं माझं घर गळनच, अन् मग मी लेकराबाळांसकट तुह्या घरी झोपाले येईन!"

हसत बोलली, पण तिचे पैसे म्हणजे तिचं छप्परच होतं. ते आता आमच्या मागावर चढलं.

नागपूरच्या इतवारी बाजारातून सूत आणलं. ताणा गल्लीत लांबच लांब पसरला, भाताची खळ लावली, सगळ्या घरांतले हात लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडला आणि हे खड्ड्याच्या काठावर बसले. आता पाय आत सोडणार, तोच सासूबाई ओरडल्या, "थांब गा! जोडे घालून मागावर?"

आमच्यात मागाजवळ चप्पल जात नाही. पाहुणा कितीही मोठा असो, जोडे बाहेर काढूनच आत येतो. यांनी मुकाट्याने दोन्ही बूट काढले. उजवा पाय पावडीवर टेकला, डावा लाकडी पाय वरच लोंबकळत राहिला. पावडीपर्यंत पोहोचेना! तेव्हा घोळ लक्षात आला. पुण्याला माप घेताना हे लष्कराने दिलेले बूट घालून उभे राहिले होते. शिपाई गडी, साहेबापुढे बुटाशिवाय कसा उभा राहणार! मागावर अनवाणी बसायचं असतं, हे जन्मभर मागावर बसलेल्या माणसाच्याही ध्यानात आलं नाही. नवा पाय थोडा आखूड भरला तो तिथे डाव्या बुटाचा तळवा जाड करून भरून काढला होता; बूट निघाला की तेवढा पाय आखूड.

सासूबाईंनी यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्या आत गेल्या. मला वाटलं, झालं, संपलं. त्या परत आल्या त्या तांब्या आणि हळदीकुंकू घेऊन. त्यांनी डावा बूट पाण्याने धुतला, पदराने पुसला आणि त्याच्या नाकावर हळदीकुंकू लावलं.

"आता हा जोडा नाही," त्या म्हणाल्या. "माह्या लेकाचं पाऊल हाये. घाल. पण हा मागाचाच राहीन. रस्त्यावर घालून गेला तं तंगडं मोडीन!"

"कोनतं, आई?" यांनी विचारलं, आणि सासूबाईंनाही हसू आवरेना.

पाय पोहोचला. पण खरी पंचाईत पुढेच होती. लाकडाला पावडी कळेना. ती पूर्ण खाली गेली की अर्धीच, पाय तिच्यावर आहे की कडेला सरकला, हे समजायला काही मार्ग नव्हता. वाकून पाहावं तर हात थांबतात. अर्ध्या उघडलेल्या धाग्यांमधून धोटा गेला आणि ताणा तटातटा तुटला. मी जोडत गेले, ते तोडत गेले. दुपारपर्यंत काकूच्या पैशांचं सूत मागावर केसासारखं लोंबत होतं.

"मुकं लाकूड हाये हे," हे म्हणाले. "काही सांगतच नाही." उठले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी तुटलेले धागे जोडत बसले आणि मनात एकच घोळत होतं, हातानं ऐकावं लागते, हातानं ऐकावं लागते. हात नाही, पाय नाही, तर मग? कान होते की! मी उठून पेटी उघडली. माझे लग्नातले पैंजण तळाशी होते. मी ते कधी घातलेच नव्हते, त्यांच्या आवाजाने सगळं जग आपल्याकडे वळून पाहील अशी भीती वाटायची. एका पैंजणाचे घुंगरू मी सोडवले. खड्ड्यात उतरले, डाव्या पावडीच्या खाली त्यांचा झुपका बांधला आणि बरोबर त्याच्या खाली एक फुटकी पितळी ताटली ठेवली. पावडी हाताने दाबून पाहिली. अर्धी दाबली, काही नाही. पूर्ण दाबली, छन्न!

मी यांच्या मागे जाऊन उभी राहिले. "अहो," म्हटलं. ऐकू गेलं नसावं. पुन्हा म्हटलं, "अहो. त्याले जीभ लावली."

"कोनाले?"

"लाकडाले."

हे उठले, खड्ड्यात डोकावले. मग काठावर बसले. पहिल्यांदा नुसता पाय दाबला, छन्न. पुन्हा छन्न. मग धोटा उचलला. छन्न, खट्! उजवी. छन्न, खट्! धागा तुटला नाही. छन्न, खट्, छन्न, खट्, आणि मागावर बोटभर कापड दिसायला लागलं! मला ओरडावंसं वाटलं, मी तोंडात पदर कोंबला. पण सासूबाई ओरडल्या आणि त्या आवाजाने अख्खी गल्ली दारात आली.

"काय वं, तमाशा भरला का घरात?" काकूने डोकावून विचारलं. कुठून आवाज येतो ते कळल्यावर ती मांड्या थोपटून हसली. "लाजरीचे पैंजण, अन् नाचते कोन तं नवरा!"

पहिलं लुगडं वाकडंतिकडं निघालं, दुसरं बरं, आणि तिसऱ्याचा काठ बाजारात व्यापाऱ्याने बोटाने चाचपून पाहिला आणि काही खोट न काढता घेतलं. त्या पावसाळ्यात काकूचं घर गळलंच, पण ती आमच्याकडे झोपायला आली नाही. नुसती येता जाता ऐकवायची, "वीन गा लवकर, माझ्या खाटेखाली मासे झाले!"

दिवाळीनंतर सावनेरकडचा एक माणूस आमचं घर विचारत आला. कुबड्यांवर, एक पाय नाही. एका पायाचा माणूस माग चालवतो, हे त्याने बाजारात ऐकलं होतं. तिकडच्या कोळशाच्या खाणीत त्याला कोणी उभं करत नव्हतं. पाणी पिताना बोलता बोलता कळलं की यांना डोंगरावरून नेल्यावर त्याच वाटेवर पलटणीची जी टोळी कामाला लागली, तिच्यात तो होता.

यांच्या हातातला धोटा थांबला. "वाट?" एवढंच विचारलं.

"झाली ना गा. पार झऱ्यापर्यंत. माझा पाय शेवटच्या वळणावर गेला, पण झाली. बायांनी घागरी भरल्या तवा दोन्हीकडचे जवान टाळ्या वाजवून राहिले होते." मग तो म्हणाला, "तिकडचा एक पगडीवाला, मधल्या निशाणापाशी भेटला का नेमानं इचारे, मेरा नागपूर वाला चलता है क्या?"

हे खाली खड्ड्यात पाहत राहिले. मग पाय दाबला. छन्न!

"सांग त्याले," हे म्हणाले, "चालत नाही म्हणा. नाचून राहिला."

तो माणूस परत गेला नाही. सुरुवातीला माझ्याबरोबर सूत गुंडाळायला बसला, मग यांनी त्याच्यासाठी शेजारीच दुसरा माग मांडला. पुण्याला जाऊन माप द्यायची वेळ आली तेव्हा यांनी त्याला बजावलं, "अनवानी उभा राहजो!" त्याच्या पावडीला मी माझा दुसरा पैंजण बांधला. आता दोन माग एकाच ओसरीत वाजू लागले, आणि मला वाटायचं, कोणी वळून पाहिलं तर पाहू दे.

प्रत्येक लुगडं विकलं की त्यातले थोडे पैसे मी काकूला नेऊन द्यायची. द्यायची म्हणजे तिच्या चुलीजवळ ठेवून पळून यायची. पुढचा उन्हाळा सरत आला तेव्हा शेवटचे तेवढे उरले होते. ते घेऊन मी गेले तेव्हा काकू अंगणात उभी राहून वर चढलेल्या गड्यावर ओरडत होती. नव्या लालभडक कवेलूंची रास पडली होती.

मी पळाले नाही. "काकू," मी म्हटलं, चांगलं मोठ्याने.

काकू गर्रकन वळली. "कोन बोललं वं?" मग छपरावरच्या गड्याला म्हणाली, "थांब रे बाबा, आमची मुकी बोलून राहिली!"

मी तिचा हात धरला, तळव्यावर पैसे ठेवले आणि तिची बोटं मिटवली. "हे शेवटचे. आता सारे फिटले, काकू."